न्याहारीचे नगर : अरुण कोलटकर यांच्या 'काळा घोडा पोएम्स'मधील रस्त्यावरचे अन्न आणि वस्ती

प्रास्ताविक

महानगरातील रस्त्यावरच्या खाण्यापिण्याविषयीचे लेखन गेल्या काही दशकांत विपुल झाले आहे. मुंबई असो, बँकॉक असो वा हनोई, या लेखनाची वाट बहुधा ठरलेली असते. वर्णनकर्ता शहरात येतो, गल्लीबोळ पालथे घालतो, नाना पदार्थ चाखतो आणि शेवटी चवींची एक यादी वाचकाच्या हाती ठेवतो. या यादीत पदार्थ असतो, त्याचा मसाला असतो, क्वचित विक्रेत्याच्या कष्टांची कहाणीही असते. परंतु तोच पदार्थ रोज, गरज म्हणून, फुटपाथवर बसून खाणारा माणूस तीत अभावानेच आढळतो. ज्याच्यासाठी रस्त्यावरचे अन्न हा 'शोध' आहे, त्याच्या नजरेतून हे लेखन घडते; ज्याच्यासाठी ती सकाळची न्याहारी आहे, त्याची नजर तीत उतरत नाही.

या पार्श्वभूमीवर अरुण कोलटकर यांचा 'काळा घोडा पोएम्स' (२००४) हा इंग्रजी काव्यसंग्रह आणि विशेषतः त्यातील 'ब्रेकफास्ट टाइम ॲट काळा घोडा' ही दीर्घ कविता पुन्हा वाचणे अगत्याचे ठरते. वस्तीत अन्न मिळते हे सर्वांना ठाऊक असते. अन्न वस्ती घडविते, हे या कवितेचे प्रतिपादन आहे. त्या प्रतिपादनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

स्थळ : घोडा नसलेला काळा घोडा

दक्षिण मुंबईतील या चौकाला ज्या पुतळ्यामुळे नाव मिळाले, तो पुतळा सप्तम एडवर्ड यांचा, ते प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा. आल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला हा अश्वारूढ पुतळा १९६५ साली चौकातून हलविण्यात आला व पुढे भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात ठेवला गेला. घोडा गेला, नाव उरले. चौकात उरले ते वाहतुकीचे बेट आणि मोटारी उभ्या करण्याची जागा. २०१७ मध्ये तेथे स्वाराविना असलेला नवा घोडा उभारला गेला. परंतु कोलटकरांची कविता त्यापूर्वीची आहे. तिच्यातील चौक रिकाम्या जागेभोवतीचा आहे. एका बाजूस जहांगीर कलादालन, दुसऱ्या बाजूस डेव्हिड ससून ग्रंथालय, आणि मधोमध कोणाच्याही मालकीचा नसलेला तुकडा. सत्तेचा पुतळा जिथून उठला तिथे कवी भिकारी, कचरा वेचणाऱ्या, भटकी कुत्री, उंदीर मारण्याचे औषध विकणारा अशा मंडळींची सभा भरवितो. ही सभा भरण्याचे निमित्त न्याहारी हे आहे.

यादीचे काव्यशास्त्र

'ब्रेकफास्ट टाइम'मध्ये कोलटकर प्रथम शहरातील न्याहाऱ्यांची एक यादी देतात. वरवर पाहता हेच ते पर्यटकी लेखनाचे साधन. ऑलिंपियामधील खिमा-पाव, कैलास पर्बतमधील पुरी-भाजी, नूर मोहम्मदीची नळी-निहारी, मिलिटरी कॅफेतील ब्रून-मस्का, अशी ही नामावळी चालते. मुंबईकर वाचकास यातून केवळ चव नव्हे, तर नकाशा दिसतो. कुलाबा, फोर्ट, भेंडी बाजार, नागपाडा ही स्थळे पदार्थांच्या नावांनीच उभी राहतात. त्या नकाशाच्या मागे स्थलांतरांचा इतिहासही आहे. फाळणीनंतर आलेले सिंधी, यझ्द व केरमानकडून आलेले इराणी, उडुपीकडून आलेले खाणावळवाले, निहारीची परंपरा जपणारे मुस्लिम खानसामे, या सर्वांनी शहराला न्याहारी दिली. कोलटकर हा इतिहास सांगत बसत नाहीत. ते फक्त पदार्थ आणि पाटी शेजारी शेजारी ठेवतात.

या यादीचा विशेष असा की तिच्यात श्रेष्ठ-कनिष्ठता नाही. कोणते निहारी-घर 'अस्सल' आणि कोणते 'सर्वोत्तम' याचा निवाडा कवी करीत नाही. सर्वत्र एकाच वेळी काहीतरी वाढले जात आहे, एवढेच तो नोंदवितो. म्हणजे यादीचे सूत्र चव नसून वेळ हे आहे. पर्यटकी यादी स्थळांची निवड करते. कोलटकरांची यादी एका प्रहराची नोंद करते. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. या यादीत वेसाइड इनमधील अंडी आणि बेकन यांचाही समावेश आहे. काळा घोड्याजवळचे हे रेस्टॉरंट म्हणजे कवीचे स्वतःचे बैठकीचे ठिकाण. अशोक शहाणे आदी मित्रांसह त्याची दर गुरुवारची बैठक तेथे भरत असे. ते बंद झाल्यावर ही बैठक मिलिटरी कॅफेत हलली. अर्थात पाहणारा यादीबाहेर राहत नाही. त्याच्या पुढ्यातील बशीही यादीतील एक नोंद होते.

इडलीवाली आणि क्षणिक वस्ती

यादी संपते आणि कविता उपाहारगृहांच्या दारांबाहेर, बेटावर येते. येथे एक बाई इडल्यांनी भरलेला मोठा ॲल्युमिनियमचा डबा घेऊन येते. तिला दुकान नाही, पाटी नाही. तिच्याभोवती जमणारे लोक उपाहारगृहांच्या यादीत कधीच न येणारे आहेत : आंधळा, म्हातारी, रस्त्यावरची मुले, चक्रे विकणारा पोरगा, उंदरांच्या औषधाचा विक्रेता. हे सर्व एरवी चौकाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत असतात. इडलीची वाफ त्यांना एकत्र आणते. वस्ती म्हणजे एरवी घरे, भिंती, पत्ते. येथे यातील काहीच नाही. एका डब्याभोवतीचे वर्तुळ, एवढीच ही वस्ती. डबा रिकामा होताच ती विरते. मुलांच्या चित्रपुस्तकात पान उघडताच उभा राहणारा किल्ला पुस्तक मिटताच नाहीसा व्हावा, तशी ही पंगत उठते आणि बेट पुन्हा पूर्वीसारखे सपाट, कंटाळवाणे होते, अशा आशयाच्या प्रतिमेने कवी हा प्रसंग मिटवितो.

या प्रतिमेत कवितेचा गाभा आहे. रस्त्यावरचे अन्न स्थळाला 'रंग' देते असे म्हणणे सोपे आहे. कोलटकर म्हणतात की अन्नाविना ते स्थळच नाही. काळा घोडा कलामहोत्सव १९९९ पासून याच परिसरात भरतो आणि त्यात खाण्याच्या टपऱ्यांची चांगलीच रेलचेल असते. महोत्सवातील खाणे परिसराची शोभा वाढविते. इडलीवालीच्या डब्याभोवतीचे खाणे परिसराला माणसे देते. एकच चौक, रस्त्यावरचेच खाणे, पण दोहोंतील अंतर मोठे आहे.

चहा, काच आणि पाहणारा

पेयांच्या बाबतीत कोलटकरांची दृष्टी याहून जुनी आहे. 'इराणी रेस्टॉरंट बॉम्बे' या त्यांच्या आधीच्या कवितेत भिंतीवरील इराणच्या शहाचे चित्र, तडा गेलेल्या काचेआड शिळा होत चाललेला केक, आरसे आणि खुर्च्या यांतून एक थांबलेले जग उभे राहते. इराण्याचे हॉटेल ही मुंबईची एक सामाजिक सोय होती. एका चहावर तासभर बसता येई. नोकरी शोधणारा, कविता लिहिणारा, नुसताच रिकामा बसलेला, यांना त्या शहरात बसण्याची जागा एका कपाच्या किमतीत मिळे. टपरीवरचा 'कटिंग' याच्या नेमका उलट : अर्धा पेला, उभ्याने, घाईत. इराणी हॉटेले एकेक करून बंद होत गेली आणि शहराच्या चहातून 'बसणे' वजा होत गेले. या दृष्टीने पाहता दोन कवितांमध्ये एक संगती दिसते. पहिलीत जागा आहे पण काळ साचलेला आहे. दुसरीत काळ भरभरून आहे पण जागा कोणाचीच नाही.

मात्र येथेच एक आक्षेप संभवतो. इराणी असो वा वेसाइड इन, कवी काचेच्या आतून पाहतो. बेटावरची मंडळी खातात, तो त्यांचे खाणे पाहतो. त्यांच्या भोवती तो उपमांची, विनोदाची, पुराणप्रतिमांची आतषबाजी करतो. इडलीवाली अन्नपूर्णेच्या उंचीवर जाते. परंतु तिची पहाट, तांदूळ-डाळीचा हिशेब, उधारी, पोलिसांची भीती या गोष्टी त्या उंचीवरून अंधुक दिसतात. मिथक श्रमाला प्रतिष्ठा देते आणि त्याच वेळी त्याला झाकूनही टाकते.

मराठी कवितेच्या संदर्भात हा आक्षेप अधिक टोकदार होतो. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) मध्ये रस्ता पाहण्याचा विषय नाही, शिकण्याची जागा आहे. तेथे भाकरी हा रोजचा सवाल आहे, तिची उपमा करण्यास उसंत नाही. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा' (१९७२) मधील वस्ती तर नागपाडा-कामाठीपुऱ्याचीच. कोलटकरांची यादी ज्या भागातून एका पदार्थाचे नाव घेऊन पुढे जाते, त्या भागात ढसाळांची कविता मुक्काम करते आणि भुकेशी थेट भांडते. सुर्वे व ढसाळ यांच्याकडे नसलेली गोष्ट कोलटकरांकडे आहे ती म्हणजे खाण्याचा आनंद. उपेक्षित माणूस केवळ भुकेला नसतो. त्याला चव असते, गरम इडलीची प्रतीक्षा असते, पंगतीत थट्टामस्करी असते. भूक हा प्रश्न करणारी कविता मराठीत समर्थपणे लिहिली गेली. गरिबाची न्याहारी हा सोहळा करणारी कविता विरळा. म्हणून आक्षेप मान्य करूनही कवितेचे मोल कमी होत नाही. काचेच्या आत बसलेल्या कवीने स्वतःची बशीही यादीत मांडली, हा त्याचा प्रामाणिकपणा येथे जमेस धरावा लागतो.

कविता आणि कायदा

रस्त्यावर राहणे व विकणे यांचा प्रश्न न्यायालयांतही गेला. ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मात्र फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मान्य केला नाही. पथविक्रेत्यांविषयीचा केंद्रीय कायदा २०१४ साली आला. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधित्व आणि त्यात एक-तृतीयांश स्त्रिया, अशी तरतूद त्यात आहे. 'नैसर्गिक बाजार' ही संकल्पनाही या कायद्यात आहे : विक्रेते आणि ग्राहक परंपरेने जेथे जमतात ती जागा. काळा घोड्याच्या बेटावर कवीने जे पाहिले ते नेमके हेच. कायद्याच्या दहा वर्षे आधी कवितेने दाखवून दिले होते की जागा आखून बाजार होत नाही. माणसे जमतात म्हणून जागा होते.

तरीही दोहोंत फरक आहे. कायद्याच्या केंद्रस्थानी विक्रेता आहे. खाणारा तेथे 'ग्राहक' एवढाच उरतो. विक्रेत्याला उठविले की भरपाई, पुनर्वसन, प्रमाणपत्र यांची चर्चा होते. तिच्या भोवतीचे वर्तुळ मोडले, आंधळ्याची न्याहारी गेली, याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. ती नोंद ठेवण्याचे काम या कवितेने केले आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की कोलटकरांनी खाद्यवर्णनाचे परिचित साधन, म्हणजे यादी, घेऊन तिचा रोख बदलला : चवीकडून वेळेकडे आणि स्थळाकडून जमलेल्या माणसांकडे. पाहणाऱ्याच्या अंतराची मर्यादा या कवितेला आहे आणि सुर्वे-ढसाळांच्या शेजारी ठेवूनच तिचे वाचन पुरे होते.

परंतु असे शेजारवाचन महाविद्यालयांत सहसा घडत नाही. 'काळा घोडा पोएम्स' इंग्रजी विभागाच्या वाट्याला येते, 'गोलपिठा' मराठीच्या, ओल्गा टेलिस खटला विधी वा राज्यशास्त्राच्या. 'भिजकी वही' आणि 'काळा घोडा पोएम्स' एकाच हाताने लिहिल्या हे मराठीच्या विद्यार्थ्याला पुष्कळदा ठाऊक असते, पण त्याच्या अभ्यासक्रमाला ते मान्य नसते. परिणामी ज्या चौकात कवीने सर्वांना एका डब्याभोवती बसविले, तो चौक विषयांच्या वाटणीत तीन ठिकाणी विभागला जातो. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची भाषा करणाऱ्या संस्थांनी निदान या एका कवितेपुरती ती वाटणी मोडून पाहावी. ज्यांच्याविषयी ही कविता आहे, त्या माणसांचे शहर कोणत्याही एका विभागात मावणारे नाही.