तंत्रसंरचना
तंत्रसंरचना : (टेक्नोस्ट्रक्चर). प्रचंड औद्योगिक निगमातील निर्णयशक्ती ज्या अभियंते, तज्ञ, नियोजक व व्यवस्थापक यांच्या समूहाकडे असते, त्यास अमेरिकन संस्थावादी अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ (१९०८–२००६) यांनी द न्यू इंडस्ट्रियल स्टेट (१९६७) या ग्रंथात दिलेली संज्ञा.

विवेचनासाठी त्यांनी फोर्ड कंपनीचा दाखला घेतला. १९०३ मध्ये केवळ २८,५०० डॉलर रोख भांडवलावर स्थापन झालेल्या या कंपनीची पहिली गाडी त्याच वर्षी बाजारात आली. १९६४ च्या ‘मस्टँग’ गाडीच्या पूर्वतयारीस मात्र साडेतीन वर्षे लागली आणि केवळ अवजारे व साचे यांवर सु. ५ कोटी डॉलर खर्ची पडले. एवढा काळ व पैसा गुंतल्यावर बाजाराच्या लहरीवर विसंबणे परवडत नाही. म्हणून नियोजन अटळ ठरते. त्यास लागणारे ज्ञान कोणा एकापाशी नसल्याने निर्णय समित्यांमध्ये घेतले जातात व भागधारक नाममात्र धनी उरतात. या समूहाला कमाल नफ्यापेक्षा संस्थेचे स्थैर्य व वाढ अधिक मोलाची वाटते.

तंत्रविद्येतून नोकरशाही कशी उपजते, याचे इतके सुबोध विवेचन क्वचितच आढळते. तथापि नोकरशाही तंत्रविद्येस कशी अडविते, हा प्रश्न गॅलब्रेथ यांनी जवळजवळ सोडूनच दिला. त्यांचे पूर्वसूरी थॉर्स्टाइन व्हेब्लेन (१८५७–१९२९) यांनी अभियंत्याची उत्पादकता व व्यापाऱ्याचे अर्थलाभ यांत विरोध पाहिला होता; गॅलब्रेथ यांनी दोघांना एकाच समितीत बसविले. ईस्टमन कोडॅक कंपनीच्या अभियंत्याने १९७५ मध्ये अंकीय कॅमेरा बनविला, पण कंपनीची मिळकत फिल्मवर अवलंबून असल्याने त्यास पुरेसे उत्तेजन मिळाले नाही. २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. येथे व्हेब्लेन यांचीच दृष्टी अधिक उपयोगी पडते.

व्यवस्थापक नफ्याकडे दुर्लक्ष करतात हे सिद्ध झालेले नाही, हा रॉबर्ट सोलो यांचा आक्षेप (१९६७) वजनदार होता. जपानी मोटारींची स्पर्धा आणि १९८० नंतर अमेरिकेत बोकाळलेले कंपनी-ताबे यांमुळे भागधारकांचे दुबळेपण व बाजाराची शरणागती ही दोन्ही गृहीतके डळमळली. त्यामानाने इकॉनॉमिक्स अँड द पब्लिक पर्पज (१९७३) मधील एक मुद्दा अधिक टिकाऊ ठरला : शासकीय व औद्योगिक नोकरशाह्या परस्परांच्या आधाराने वाढतात. शस्त्रास्त्रखरेदीच्या व्यवहारात मागणी कोणाची आणि पुरवठा कोणाचा, हे सांगणे त्यामुळेच कठीण होते.