शेजाऱ्यांच्या बागेतला नोल्डे

अभिव्यक्तिवाद म्हटला की आपल्याला किंकाळी आठवते: वेडेवाकडे चेहरे, भडक आकाश. एमिल नोल्डे ह्या जर्मन चित्रकाराने १९०६ ते १९०८ ह्या काळात आल्सेन बेटावर रंगवलेल्या बागांत मात्र काहीच घडत नाही. उन्हाळा, फुलांचे ताटवे, त्यांत एखादी स्त्री; बस्स.

पण ही शांतता मऊ नव्हे. रंगाचे थर जाड आहेत. आकाश बहुधा चित्राबाहेर ढकललेले, त्यामुळे नजरेला निसटायला वाट नाही. स्त्रीच्या चेहऱ्यावर नाकडोळे जेमतेमच. तिचे चिंतन भोवतीच्या लालजांभळ्या रंगांतून वाचावे लागते. मोनेच्या बागेत प्रकाश फुलांवरून सरकतो. इथे फूलच आतून पेटलेले असते. १९०६ साली ड्रेस्डेनच्या तरुण ‘ब्रुके’ चित्रकारांनी नोल्डेला आपल्यात बोलावले, ते त्याच्या रंगांतल्या अशा वादळापायीच.

हाच नोल्डे १९३४ साली नात्सी पक्षात गेला. ज्यूंविषयी त्याच्या मनात द्वेष होता. १९३७ साली नात्सींनी त्याच्याच चित्रांना ‘अधःपतित’ ठरवले, संग्रहालयांतून त्याच्या हजारावर कलाकृती हलवल्या. तरी त्याची निष्ठा ढळली नाही. युद्धानंतर तो केवळ छळ सोसलेला कलावंत म्हणून मिरवला. २०१९ साली बर्लिनच्या प्रदर्शनाने ही दंतकथा मोडली, आणि चॅन्सेलर मेर्केल ह्यांनी आपल्या कार्यालयातली त्याची दोन चित्रे परत केली. त्यांतले एक फुलबागेचेच होते.

मग बाग खोटी ठरली काय? मला तसे वाटत नाही. ‘चित्र निराळे, माणूस निराळा’ असे म्हणून सुटताही येत नाही. आपल्या मातीची ओढ बागेत आहे आणि त्या द्वेषातही आहे, मूळ एकच. फरक पडतो तो पुढे. आल्सेनच्या ह्या बागा नोल्डेच्या नव्हत्या, शेजाऱ्यांच्या होत्या. दुसऱ्याच्या दारी पाहुणा म्हणून उभा राहून त्याने त्या रंगवल्या. ज्या बेटावर डॅनिश आणि जर्मन एकत्र नांदत होते, तिथल्या मातीवर चित्रात तो मालकी सांगत नाही, नुसता पाहतो. मालकीची भाषा त्याच्या तोंडी आली ती कुंचला खाली ठेवल्यावर.

म्हणून ही चित्रे भिंतीवर राहावीत, पण त्यांच्या शांततेवरून चित्रकाराला सज्जनपणाचा दाखला देण्याची आपली खोड सुटावी. हात जे जाणतो ते माणसाला जन्मभर उमगेलच, असे नाही.