रा. ब. लोखंडे यांचा संघ : एका आक्षेपाचें परीक्षण

रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांस हिंदी कामगार-चळवळीचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. त्यावर आक्षेप असा कीं, त्यांनीं मुंबईंत १८८४ सालीं स्थापिलेली ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही खरी संघटनाच नव्हे. तीस सभासदांची यादी, निधि व नियम यांपैकीं कांहींच नव्हतें. १८९२ च्या कारखाने-कायद्याविषयींच्या सरकारी अहवालांतच हें मत आलें असून पुढील लेखकांनीं तें उचललें आहे.

यांतील वस्तुस्थिति आम्हांस मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाहीं. विलायतेंत कामगारसंघांस १८७१ च्या कायद्यानें मान्यता मिळाली होती. इकडे तसा कायदा १९२६ सालीं झाला. जेथें नोंदणीचें दप्तरच नाहीं, तेथें नोंदीचा अभाव हा संघाचा अभाव कसा ठरावा? नैयायिकांच्या भाषेंत लक्षणाचा हा अव्याप्तिदोष होय. पाणिनीनें ‘संघ’ शब्द गण ह्या अर्थीं साधिला आहे. त्यांत वर्गणीची अट नाहीं.

आतां प्रमाण पाहूं. सप्टेंबर १८८४ मध्यें परळास सभा भरल्या, व सुमारें ५,५०० गिरणीकामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढें गेला. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, ठराविक तारखेपर्यंत पगार व अपघातांत साहाय्य, ह्या त्यांतील मागण्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेस सुमारें दहा हजार माणसें जमलीं. दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १० जून रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. नियमांवांचून हें घडलें, म्हणून तें घडलेंच नाहीं असें होत नाहीं.

तथापि स्तुतिपाठकांनींही तोल सांभाळावा. कलकत्त्याजवळ शशिपद बानर्जी यांचें कार्य १८७० चें, व मुंबईंत सोराबजी शापूरजी बंगाली यांची कायद्याची खटपट १८७८ ची. म्हणजे चळवळ शून्यांतून निघाली नाहीं. शिवाय, ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्लेगानें लोखंडे गेले आणि संस्थाही मागें उरली नाहीं. निधि व नियम यांचा अभाव येथें मात्र खरोखर बाधला.

सबब ‘जनक’ हें पद वादग्रस्त राहो. कामगारांविषयीं इतरांनीं बोलावें ही रीत मोडून त्यांचें म्हणणें त्यांच्याच सहीनें सरकारपुढें ठेवणें, हें लोखंड्यांचें श्रेय निर्विवाद आहे. परंड्यासारख्या किल्ल्याच्या गांवीं राहणारास ह्याचें मोल विशेष वाटतें. येथल्या तटाचा इतिहास सुलतानांच्या नांवांनीं सांगतात. दगड वाहणारांच्या सह्या कोणी घेतल्या नव्हत्या.