पुत्र आणि मुत्सद्दी

मुत्सद्द्यास गोष्ट झाकावी लागते, लेखकास ती उघडी करावी लागते. एकाच हाताने ही दोन्ही कामे निभावणे कठीण. कै. अप्पासाहेब पंत यांची दोन इंग्रजी पुस्तके अंधेरीच्या आमच्या बिऱ्हाडी यंदाच्या पावसाळ्यात आम्ही पाठोपाठ वाचली, तेव्हा हा विचार पुनःपुन्हा मनात आला.

औंधच्या राजघराण्यात 1912 साली जन्मलेले अप्पासाहेब 1948 मध्ये स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीस गेले. पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड व इटली येथेही त्यांनी तेच काम केले. त्या अनुभवांचे 'अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स' (1987) वाचताना मौज वाटते. परंतु किस्सा संपला की सांगणारा पुन्हा पडद्याआड जातो.

'अ‍ॅन अनयूझुअल राजा' (1989) या पुस्तकाचे तसे नाही. वडील भवानराव यांनी गांधीजींच्या सल्ल्याने 1939 साली 72 गावांच्या संस्थानाची सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्या प्रयोगात अप्पासाहेब स्वतः राबले होते. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि प्रयोगही संपला. तो टिकला असता काय, या प्रश्नाची निष्ठुर चिकित्सा पितृभक्तीने होऊ दिली नाही, हा दोष आम्ही लपवीत नाही. तथापि हातची सत्ता खुशीने सोडणे किती अवघड, हे घरातला कर्तेपणाही ज्यांच्याने सोडवत नाही अशा आम्हां वडीलधाऱ्यांस कोणी सांगावयास नको. देशोदेशीचे दरबार पाहून आलेल्या या गृहस्थास पंचाहत्तरी उलटल्यावर सांगावेसे वाटले ते घरचेच. आणि तेथेच मुत्सद्दी मागे सरून लेखक पुढे आला.