पसंती म्हणजे आकलन नव्हे

पदवीच्या जीवशास्त्रवर्गात एआय साधने उपयुक्त ठरली, याचा पुरावा म्हणून बहुधा विद्यार्थ्यांची पसंती पुढे केली जाते. चॅटजीपीटी मध्यरात्रीही न हिणवता शंकांना उत्तर देते; ही सोय खरी, पण सोय म्हणजे आकलन नव्हे. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिविच्छेदन बंद केले. त्याची जागा घेणारा पडद्यावरचा बेडूक नेहमी पुस्तकाबरहुकूमच असतो. कोथरूडच्या टेकडीचे तसे नाही. मूळ मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प तिथे वनीकरणात लावले गेले. त्याखाली काय उगवते, हे क्वाड्रॅट आखून मोजावेच लागते. आपली मोजणी आणि यंत्राचे उत्तर जुळले नाही, तर विद्यार्थी काय खोडतो? पसंतीच्या प्रश्नावलीत हा प्रश्न नसेल, तर तिने शिक्षण मोजलेलेच नाही.