सावली कुणाला, ऊन कुणाला

कुठलंही प्रदर्शन बघायला गेलं की मी आधी मांडणी बघते. वस्तू तर सगळ्याच बोलतात, पण मांडणारा मनात काय धरून बसलाय हे मांडणीतच कळतं. यंदा एप्रिलच्या शेवटी आमच्या बेळगावात जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. अशा उन्हात सर्वांत किमती चीज म्हणजे सावली. आणि ती सावली कशी वाटली होती, त्यावरच मला लिहायचंय.

मैदानाच्या मधोमध मोठा शामियाना. त्यात परदेशी गाड्या: एक डॉज, एक शेवरोले, दोन मॉरिस. पंखे लावलेले, भोवती लाल दोर, 'हात लावू नये' अशा पाट्या. आपल्या देशात तयार झालेल्या अँबेसेडर आणि पद्मिनी मात्र कुंपणाकडेला, उघड्यावर. पत्रा इतका तापलेला की वर पापड भाजावा. एका मुलानं पद्मिनीच्या बॉनेटवर हात टेकला आणि ओरडतच मागं घेतला.

का असं, विचारलं तर एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, ह्या काय, साध्याच गाड्या. सगळ्यांच्या घरी होत्या."

सगळ्यांच्या कुठल्या असणार! त्या काळी पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबराची वाट बघत. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. सगळ्यांच्या घरी होती म्हणून एखादी गोष्ट इतिहासातून बाहेर काढायची असेल, तर आपल्या आज्यांचं जातंही बाहेरच काढायला हवं.

बरं, साधी म्हणजे तरी काय? पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीची सुरुवात 1944 साली वालचंद हिराचंदांनी केली. सोलापुरात 1882 मध्ये जन्मलेले, आपल्याच समाजातले. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही उद्योगांत त्यांनी हात घातला. ते 1953 मध्ये गेले, आणि त्यानंतर एकवीस वर्षांनी, 1974 मध्ये, फियाटच्या मूळ आराखड्यावरच्या त्या गाडीला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळ गियरचा दांडा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. ह्यातली एकही ओळ तिच्याजवळच्या फलकावर नव्हती. फलकावर होतं मालकाचं नाव, वर्ष आणि रंग. रंग तर दिसतच होता की!

गंमत पुढंच आहे. शामियान्यातल्या डॉजच्या फलकावर ठळक अक्षरांत 'अमेरिका' लिहिलं होतं. पण त्या काळातल्या कितीतरी डॉज आणि प्लिमथ सुटे भाग आणून कुर्ल्याला, ह्याच प्रीमियरच्या कारखान्यात जोडल्या जात. ही गाडी तिथली की थेट बोटीनं आलेली, हे फलक सांगत नाही. कदाचित एकाच छपराखाली, त्याच कामगारांच्या हातून तयार झालेल्या दोन बहिणी असतील. एक पंख्याखाली, एक उन्हात.

आता बायकांबद्दल. ह्या प्रदर्शनात बायका होत्या, नव्हत्या असं नाही. नऊवारी, नथ आणि मोत्याचा तन्मणी घालून गाडीला टेकून उभं राहायचं आणि फोटो काढून घ्यायचा, एवढ्यासाठी होत्या. 'सर्वोत्तम पोशाख' असं बक्षीसही होतं. त्या पोरी घामानं भिजून गेल्या होत्या; त्यांच्यावर माझा राग नाही. पण मोटारीच्या इतिहासात बाई म्हणजे शोभा, हे कुणी ठरवलं? 1888 साली जर्मनीत बेर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता त्याचीच गाडी काढून दोन मुलांसह माहेरी गेली, शंभरेक किलोमीटर. इंधन संपत आलं तेव्हा औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. मोटार लांबच्या प्रवासाला चालते, हे जगाला एका बाईनं दाखवलं. काचेवरचं पाणी पुसणाऱ्या वायपरचं पेटंट 1903 मध्ये अमेरिकेतल्या मेरी अँडरसननं घेतलं. हे निवेदकाला दोन मिनिटांत सांगता आलं असतं. तो सिनेमाची गाणी लावत बसला.

लांब कशाला जा. त्या पद्मिनीशेजारी घडीच्या खुर्चीवर एक आजी छत्री धरून बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "उन्हाळ्यात आंबोलीचा घाट चढताना ही हमखास बसायची बघ. मग मी तांब्या घेऊन उतरायची, फडकं भिजवून पंपावर ठेवायची. दहा मिनिटांत चालू." ह्याला नीट कारण आहे. पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून; उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. ओलं फडकं ठेवलं की पंप गार होतो, वाफेचं परत पेट्रोल होतं. आजींना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पण त्या दिवशी मैदानावर ह्याहून मोलाचं ज्ञान मला दुसरं मिळालं नाही, आणि ते कुठल्याच फलकावर नव्हतं.

तसंच मिस्त्र्यांचं. ज्याच्याकडं चौदा गाड्या, त्याला मोठा चषक मिळाला. आपल्याकडं वस्तूपेक्षा तिच्यावरच्या आसक्तीला परिग्रह म्हणतात. तेव्हा चौदा हा आकडा मला खुपत नाही. पण ह्या गाड्यांचे भाग बाजारात मिळत नाहीत. उद्यमबागेत कुणीतरी लेथवर ते एकेक करून घडवतो, म्हणून त्या धावतात. त्याचं नाव मंचावरून एकदाही घेतलं गेलं नाही. माझं असं म्हणत दुसऱ्याचे कष्ट झाकायचे, आसक्ती म्हणतात ती हीच.

जे चांगलं ते चांगलंच. तिकीट नव्हतं, पिण्याच्या पाण्याची सोय होती, आणि संध्याकाळी सगळ्या गाड्या खरोखर चालू करून फिरवल्या. उभी गाडी म्हणजे नुसता पुतळा. चालत्या गाडीचा आवाज पोरांनी ऐकला, हे काम मोठंच झालं.

पण 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' ठरते. म्हणजे पहिल्या पद्मिनी आता त्या मानाच्या पंक्तीत बसायला लागल्या आहेत. पुढच्या वर्षी त्यांना कडेला ठेवायला निमित्त उरणार नाही. आयोजकांना माझी सूचना साधी आहे: फलकावर तीन ओळी वाढवा. कुठं जोडली, कोण दुरुस्त करतो, घरात कुणी कशी वापरली.

ती तिसरी ओळ मात्र आयोजकांना सुचणार नाही, मैत्रिणींनो. ती आपल्याकडंच आहे. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे किंवा होती, त्यांनी सासूबाईंना, आईला विचारून ती लिहून ठेवा. विचारायला माणसं आहेत तोवरच.