अर्थशास्त्राच्या मराठी अध्यापनाचा इतिहास : एक चिकित्सा

मराठींतील अर्थशास्त्राच्या अध्यापनाचा इतिहास लिहूं जातां संशोधकांची लेखणी बहुधा तीन ग्रंथांपाशीं घोटाळते : गोपाळ हरि देशमुख यांचें ‘लक्ष्मीज्ञान’ (१८४९), हरि केशवजी व विश्वनाथ नारायण मंडलिक यांची ‘देशव्यवहारव्यवस्था’ (१८५४) आणि कृष्णशास्त्री चिपळूणकर यांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ (१८५५). यांतील कोणता ग्रंथ कोणत्या इंग्रजी पुस्तकाच्या आधारें रचला, ही चर्चा अवश्यच होय. परंतु ग्रंथाचें मूळ सांपडलें म्हणजे अध्यापनाचा इतिहास हातीं आला, असें मानणें हा हेत्वाभास आहे. पुस्तक छापलें एवढ्यावरून तें शिकविलें गेलें असें ठरत नाहीं. शिकविलें तरी विद्यार्थ्यास उमगलें असें तर मुळींच ठरत नाहीं.

नांवांकडेच पाहावें. सहा वर्षांत एका शास्त्रास तीन नांवें पडलीं. त्यांतील ‘अर्थशास्त्र’ हें शेवटीं टिकलें. येथें कौटिल्याशीं परंपरा जोडण्याचा मोह होतो. पण त्याचा ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें म्हैसूर येथें छापून प्रसिद्ध केला. १८५५ मध्यें तो मराठी अभ्यासकांपुढें नव्हता. शिवाय कौटिल्याचें शास्त्र मुख्यतः राज्य मिळविण्याचें व राखण्याचें. कृषि, पशुपालन व वाणिज्य यांस तो ‘वार्ता’ म्हणतो. शब्द जुना, आशय नवा. मग त्या शब्दावरून विद्यार्थ्यानें काय जाणलें?

अध्यापनाचें फळ काय, हा प्रश्न अन्यत्र पद्धतशीरपणें विचारला जातो. अमेरिकेंत १९६९ पासून ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक एज्युकेशन’ हें नियतकालिक ह्याच विषयास वाहिलेलें आहे. गतकालीन विद्यार्थ्याची परीक्षा आतां घेतां येत नाहीं. परंतु त्याचें दप्तर तपासतां येतें. समासांतील टिपा, शब्दांवर लिहिलेले अर्थ, वह्या, प्रश्नपत्रिका, शाळेच्या पुस्तकखरेदीच्या याद्या हींच ह्या इतिहासाचीं अस्सल साधनें होत.

दुर्दैव असें कीं, मोडी रुमाल जिवापाड जपणारा संग्राहकही शाळकरी पुस्तक रद्दींत घालतो, आणि ठेवलेंच तर कोरी प्रत ती उत्तम प्रत मानतो. इतिहासाच्या दृष्टीनें न्याय उलट आहे : खरडलेली प्रत बोलते, कोरी मुकी राहते. तरी संग्राहकांस विनंति कीं, नव्यानें बांधणी करतांना समास कापूं नयेत, पेन्सिलीच्या खुणा पुसूं नयेत, आणि प्रत कोणत्या गांवाहून आली तें टिपून ठेवावें. पुढील संशोधनाची सारी भिस्त ह्या चिटोऱ्यांवर आहे.